चुंगकिंग, येनान, अमॉय: जुनी स्पेलिंगं ठेवायची की टाकायची?

नकाशावेडी:
शाळेच्या भिंतीवर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या प्रवासाचा नकाशा लावायचाय. सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेला आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारला. जुन्या इंग्रजी मजकुरात मार्ग दिलाय: कँटन, हँकौ, चुंगकिंग, येनान. मुली नवा ॲटलास उघडून अर्धा तास शोधत बसल्या, एकही नाव सापडेना. कँटनचं ग्वांगझौ झालंय, चुंगकिंगचं चोंगचिंग, येनानचं यानआन, आणि हँकौ वुहान शहरात सामावलंय. माझं मत, जुनी स्पेलिंगं सरळ टाकावीत. चीनने १९५८ मध्ये पिनयिन ही रोमन लिपीतली पद्धत स्वीकारली, १९७९ पासून परदेशी भाषांतल्या मजकुरातही तीच आणली. ज्यांचं गाव, त्यांचं नाव. आपण बॉम्बेचं मुंबई याच हक्काने केलं ना?

जुनाबाड:
ताई, शेवटचं वाक्य तपासा. 'ज्यांचं गाव' म्हणता, मग अमॉय हे दक्षिण चीनमधलं बंदर घ्या. ते तिथल्या लोकांच्या होक्किएन बोलीतून आलंय. आजचं शियामेन हा त्याच नावाचा उत्तरेकडचा, राजभाषेतला उच्चार. टाकलंत ते गावकऱ्यांचंच!

ही स्पेलिंगं कुणा अडाण्याने केलेली नाहीत. १९०६ मध्ये शांघायला टपाल खात्याची परिषद भरली, तिथे बरीचशी ठरली. 'पेकिंग', म्हणजे आजचं बीजिंग, त्यातला क हा जुना उच्चार आहे. उत्तरेत त्याचा पुढे च झाला, पण कँटनच्या भाषेत आजही 'पाक-किंग'च म्हणतात.

आणि दुरुस्तीच्या भरात चुका होतात त्या वेगळ्याच. जुन्या कागदात 'पेपिंग' दिसलं की लोक 'बीजिंग' करून मोकळे. अहो, १९२८ मध्ये राजधानी नानकिंगला गेली तेव्हा पेकिंगचं नावच बदलून पेपिंग केलं होतं, १९४९ पर्यंत! ते स्पेलिंग नव्हे, इतिहास आहे.

नकाशावेडी:
पेपिंगचं मान्य, ते मला ठाऊक नव्हतं. पण सातवीतल्या मुलीला होक्किएन कुठून समजावू? तिला आजच्या नकाशावर बोट ठेवता आलं पाहिजे.

देवनागरीवाला:
तुम्ही दोघं रोमन अक्षरांवरून भांडताय आणि आपण लिहितो देवनागरीत. तळहात तोंडासमोर धरून आधी प म्हणा, मग फ. फ ला हवा लागते. चिनी भाषेतही फरक तोच, हवेचा. बीजिंगमधला 'बी' प्रत्यक्षात आपल्या प च्या जवळचा आहे, ऐकायला 'पेइचिंग'. इंग्रजी स्पेलिंग वाचून आपण ब केला. छिंगताओ या बंदराचं तर 'क्विंगडाओ' होतं, कारण पिनयिनचा क्यू म्हणजे छ हे कुणी सांगितलेलंच नसतं. पिनयिन चिनी मुलांसाठी उत्तम, पण इंग्रजीच्या सवयीने वाचली की नाव पार मोडतं.

जुनाबाड:
अगदी! म्हणूनच 'माओ त्से तुंग' हे मराठी रूप 'माओ झेडाँग'पेक्षा खूप जवळचं आहे. ते जुन्या स्पेलिंगवरून आलंय. तो 'त्स' म्हणजे आपल्या चमच्यातला च.

नकाशावेडी:
हे उद्या वर्गात करून बघते, तळहाताचं. तरी नकाशावर ठळक अक्षरात आजचंच नाव राहील, जुनं खाली कंसात. कोटणीसांची समाधी आज उत्तर चीनमधल्या श्च्याच्वांग शहरात आहे. कुणाला तिथे जायचं झालं तर तिकीट जुन्या नावाने मिळणार नाही.

देवनागरीवाला:
तिकिटाचं म्हणाल तर बीजिंगच्या जुन्या विमानतळाचा सांकेतिक शब्द अजून पी-ई-के आहे, पेकिंगचा. तिथल्या नामांकित विद्यापीठानेही इंग्रजीत पेकिंगच ठेवलंय.

जुनाबाड:
कंस नको, ताई. प्रवासाची रेघ १९३८ ची आहे, तर रेघेवर त्या वेळची नावं लिहा आणि आजची बाजूच्या चौकटीत द्या. मुलीच जोड्या लावतील.

नकाशावेडी:
चौकट चालेल. पण आजची नावं मोठ्या अक्षरात, यावर मी ठाम आहे.