मदत हवी आहे : खाणीतल्या ठेका कामगारांची युनियन आणि गावची समिती एकत्र कशी आणावी?

वणीकडच्या कोळसा पट्ट्यातल्या गावातून लिहितो आहे. आमच्याकडे दोन संघटना आहेत. खाणीवरच्या ठेका कामगारांची युनियन, त्यात माझा लहान भाऊ हायवा (कोळशाचा मोठा ट्रक) चालवतो. आणि गावची संघर्ष समिती, त्यात शेतकरी आणि बचत गटाच्या बाया. आई तिथे पुढे असते.

समितीचं म्हणणं, ताडपत्रीशिवाय कोळशाच्या गाड्या गावातून नेऊ नका. रस्त्याकडेची पऱ्हाटी वेचाईपर्यंत काळी पडते आणि व्यापारी तो कापूस पाहूनच भाव पाडतो. विहिरी खोल गेल्या ते वेगळंच. म्हणून रास्ता रोको होतो, आणि त्या दिवशी ड्रायव्हरची मजुरी बुडते, कारण त्यांना पैसे खेपेवर मिळतात. ते म्हणतात, आमच्या पोटावर पाय देऊन कसलं आंदोलन? बाया म्हणतात, तुमच्या संपात भाकरी आम्ही पोचवल्या, त्या विसरले काहून? मला दोघांचंही खरं वाटतं. ठेकेदार मात्र कामगारांपाशी गावाचं नाव घेतो आणि गावापाशी ड्रायव्हरचं.

माझ्या मते मूळ खेपेच्या दरात आहे. खेपा वाढल्या तर पैसे, म्हणून गाडी पळते आणि ताडपत्री बांधण्यातला वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. दिवसाची पक्की मजुरी मिळाली तर धूळही कमी होईल. म्हणजे दोघांनी मागायचं ते एकच आहे! पण निवेदन कोणाच्या नावाने द्यायचं, झेंडा कोणाचा, इथेच बैठक मोडते. ग्रामसभेचा ठराव आधी घ्यावा का? बंदच्या दिवशी बुडालेली मजुरी गावाने वर्गणीतून भरून दिली, असं कुठे झालंय का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद :
दादा, झेंड्याचं उत्तर गडचिरोलीच्या पलीकडे सापडेल. छत्तीसगडमधल्या दल्ली-राजहऱ्याला कामगार नेते शंकर गुहा नियोगींनी १९७७ मध्ये खाण कामगारांची युनियन बांधली. तिचा झेंडा लाल-हिरवा होता, लाल कामगारांचा आणि हिरवा शेतकऱ्यांचा. १९८३ मध्ये त्या कामगारांनी शहीद हॉस्पिटल सुरू केलं, तिथे आसपासच्या गावांतले लोकही उपचाराला येत. गावाच्या अडीनडीला युनियन आधी उभी राहिली, म्हणून गाव तिच्यामागे राहिलं. तुमच्याकडे हे पाण्यापासून सुरू करता येईल. खाण कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणपट्टाधारकांना जिल्हा खनिज प्रतिष्ठानात पैसे भरावे लागतात, आणि ते बाधित गावांसाठीच असतात. त्यातून पिण्याच्या पाण्याची मागणी युनियनच्या लेटरहेडवर जाऊ द्या. बाया स्वतःहून बैठकीला येतील.

ठराव जरूर घ्या, पण सभा पहिली पाळी सुटल्यावर ठेवा. बाहेरच्या राज्यांतले ड्रायव्हर गावचे मतदार नसतात, त्यांना ग्रामसभेत हात वर करता येत नाही. त्यांच्या सह्यांचं वेगळं पत्र ठरावाला जोडा. वर्गणीचं मात्र बंद पुकारण्याआधी ठरवा, नंतर कोणी देत नाही.