मदत हवी आहे: पाण्याच्या विद्युत अपघटनात ऑक्सिजन फारच कमी जमतोय

नववीच्या वर्गासाठी प्रयोग आहे. २५० मिली पाणी, एक चमचा मीठ, पेन्सिलीची दोन शिसं, ९ व्होल्टची बॅटरी आणि पाण्याने भरून उलट्या धरलेल्या दोन परीक्षानळ्या. ऋणाग्राकडे (बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेलं शिस, इथे हायड्रोजन येतो) ६ मिली वायू जमतो तेव्हा धनाग्राकडे (धन टोकाचं शिस, इथे ऑक्सिजन यायला हवा) जेमतेम १ मिली. पाण्याला पोहण्याच्या तलावासारखा वास येतो, तळाशी काळा गाळ बसतो. हायड्रोजन-ऑक्सिजनचं २:१ प्रमाण कसं आणायचं?

प्रतिसाद १
आधी मीठ बंद करा आणि खिडक्या उघडा, तो वास क्लोरीनचा आहे. मीठ असलं की धनाग्रावर ऑक्सिजनऐवजी मुख्यतः क्लोरीन तयार होतो. त्यातला बराचसा पाण्यातच राहतो, म्हणून नळी रिकामी दिसते. २५० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात १० ग्रॅम धुण्याचा सोडा घ्या. साबणाची पूड मिसळलेला नको, फेस नळीत चढतो. गाळ पेन्सिलीच्या शिसाचा, म्हणजे ग्राफाइटचा आहे: धनाग्रावर ग्राफाइट झिजतं, थोडा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइड होण्यात जातो आणि तो सोड्याच्या द्रावणात शोषला जातो. धनाग्राला निकेलची पट्टी वापरा. बाजारात निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टीही निकेल म्हणून विकतात. कापलेला तुकडा रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, कडेला गंज आला तर ती नको.

धागाकर्ता
स्टीलचा चमचा चालेल का? आणि तांब्याची तार?

प्रतिसाद १
ऋणाग्राला दोन्ही चालतील. धनाग्राला तांबं नको, ते स्वतःच ऑक्सिडीकृत होतं. स्टेनलेस स्टील मिठाच्या पाण्यात तर कधीच नको, क्रोमियमची विषारी संयुगं उतरतात. जोडाची उघडी तार ग्लू गनने बंद करा, नाहीतर बुडबुडे नळीबाहेर सुटतात.

प्रतिसाद २
एक भर. पहिली १० मिनिटं वायू गोळा न करता प्रवाह सोडा. ऑक्सिजन पाण्यात हायड्रोजनपेक्षा जास्त विरघळतो, द्रावण आधी संपृक्त होऊ द्या. मग प्रवाह मोजायला मल्टिमीटर एकसरीत जोडा. ०.१ अँपिअरने १० मिनिटांत २५ अंशांना सुमारे ७.६ मिली हायड्रोजन आणि ३.८ मिली ऑक्सिजन यायला हवा. हायड्रोजन बरोबर पण ऑक्सिजन कमी, तर दोष धनाग्राचा. दोन्ही कमी, तर वायू निसटतोय. चौकोनी बॅटरी लवकर दमते. १२ व्होल्टचा राउटरचा अडॅप्टर बरा. घरातली २३० व्होल्टची वीज थेट कधीही नको.

तपासताना हायड्रोजनची नळी तोंड खालीच ठेवून पेटती काडी जवळ न्या, फट् आवाज येतो. ऑक्सिजनच्या नळीत धुमसती उदबत्ती. नळीत थोडं पाणी उरलं असेल तर टोक भिजू देऊ नका.