आधी सोफा ते भिंत अंतर मोजा
४३ इंची साधा फुल एचडी टीव्ही १८ हजारांत घ्यावा का, असं एकाने विचारलंय. आमच्याकडे सोफ्यापासून भिंत नऊ फूट. तिथून फुल एचडी आणि फोर-के (त्याच्या चौपट ठिपक्यांचं, जास्त बारीक चित्र) यांतला फरक मला तरी दिसत नाही (सौ.ना दिसतो म्हणे!). पण १ जीबी रॅमवाला (म्हणजे कमी मेमरीचा, संथ चालणारा) नको. आमचा वर्षभरातच रडायला लागला. यूट्यूब उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा. शेवटी यूट्यूब वगैरे चालवायला टीव्हीला जोडायची वेगळी स्टिक लावली, तोही खर्च धरा. दुकानात पेन ड्राइव्हवर अंधारातला एखादा सीन नेऊन लावून बघा, डेमोतले रंगीत पोपट सगळ्याच टीव्हींवर झकास दिसतात. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेव्हा जुन्या एमआरपीवरची 'घसघशीत सूट' म्हणजे नुसती करकपातच नाही ना, ते नीट तपासा.