बंद पडलेल्या टू-इन-वनमध्ये वाय-फाय बसवावं का?

कॅसेटवेडा:
दोन स्पीकरचा जुना टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट प्लेयर एकत्र) घरात पडून होता. कॅसेट डेकचा बेल्ट विरघळून डांबरासारखा पुलीला चिकटलेला, पण रेडिओ नि अ‍ॅम्प्लिफायर ठणठणीत. त्यात रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर बसवून इंटरनेटशिवायचं वाय-फाय सुरू केलं. जवळ बसलेल्या कुणीही फोन जोडायचा, ब्राउझरमध्ये पान उघडायचं, आपली फाइल टाकायची, दुसऱ्याची उचलायची. गाणं निवडलं की ते स्पीकरवर वाजतं, सगळ्यांना ऐकू जातं.

मूळ कल्पना माझी नव्हे. डेव्हिड डार्ट्स यांनी २०११ मध्ये पायरेटबॉक्स केला तो असाच: राउटर, पेनड्राइव्ह, लॉगिन नाही, कुणाची नोंद नाही. मला वाटतं हे काम टू-इन-वनला जास्त शोभतं, कारण तो मुळात चारचौघांत वाजवायचाच. एका कानात इअरफोन घालून आपण ते विसरलो.

बेल्टवाला:
माझा ठाम विरोध. बेल्ट बदलणं अवघड नाही. पुलीवरचा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, मापाचा बेल्ट घालायचा, टेप वाचणारं हेड साफ करायचं, झालं. असे सेट आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिलेत आणि आपण त्यांचं पोट फाडतोय.

शिवाय देवाणघेवाणीचं म्हणाल तर ती तेव्हाही होती. दोन कॅसेट बसणाऱ्या डबल डेकवर कुणाला कॅसेट भरून द्यायची तर ६० मिनिटांत काय बसेल, कुठलं गाणं कशानंतर येईल, बाजू संपताना गाणं अर्धवट तुटणार नाही ना, याचा विचार करत बसायचो. वर कव्हरवर बारीक अक्षरात यादी. तेवढा वेळ दिलाय हे घेणाऱ्याला कळायचं. चारशे फाइल एकदम उचलल्या तर त्यातली एक तरी नीट ऐकली जाते का?

तारजोडणी:
भावनेचं राहू द्या, व्यवहार बघा. इंटरनेट नसलेलं वाय-फाय दिसलं की पुष्कळ फोन आपणहून मोबाइल डेटावर उडी मारतात. ब्राउझर 'सुरक्षित नाही' म्हणतो आणि नवखा माणूस तिथेच मागे फिरतो. पायरेटबॉक्स प्रकल्प २०१९ मध्ये बंद झाला त्यामागे कुलूपबंद राउटर (ज्यांचं सॉफ्टवेअर बदलता येत नाही) आणि ब्राउझरचा एचटीटीपीएसचा, म्हणजे सुरक्षित जोडणीचा, हट्ट ही कारणं होती. नोंद नाही म्हणजे कुणी घाणेरडी किंवा व्हायरसवाली फाइल टाकली तरी जाब विचारायला कुणी नाही. आणि विकत मिळणारी गाणी अशी वाटली तर ती चोरीच.

कॅसेटवेडा:
@तारजोडणी, फाइलींचा मुद्दा मान्य. म्हणून आता टाकलेली फाइल मी आधी पाहतो, मगच यादीत येते. स्वतः गायलेलं, वाजवलेलं, आजीने सांगितलेल्या गोष्टींचं रेकॉर्डिंग, एवढंच ठेवतो. फोनच्या उडीवर उपाय एकच सापडला: सेटच्या हँडलला चिठ्ठी बांधली, 'जोडताना मोबाइल डेटा बंद करा'. साधं आहे, पण चालतं.

@बेल्टवाला, पोट फाडलेलं नाही. मागच्या खणात आठ मोठे सेल बसायचे, म्हणजे १२ व्होल्ट. त्याच खणात रास्पबेरी पाय, पॉवर बँक आणि व्होल्टेज वाढवणारं मॉड्यूल बसवलंय. आवाज लाइन-इनमधून, म्हणजे बाहेरचा आवाज घेणाऱ्या सॉकेटमधून, आत जातो. एकही भोक पाडलेलं नाही, कुठे करवत लावलेली नाही. एक त्रास मात्र आहे: मॉड्यूल सुरू असताना मीडियम वेव्हवर सतत घरघर येते. एफएम स्वच्छ.

बेल्टवाला:
खणातच मावलं असेल तर माझा निम्मा विरोध गेला. घरघरीसाठी मॉड्यूल पत्र्याच्या डबीत घाला, डबी ग्राउंडला जोडा आणि अँटेनाच्या फेराइट कांडीपासून शक्य तितकी लांब ठेवा.

बेल्ट मात्र घालाच. आजींच्या त्या गोष्टी कॅसेटवर भरून द्या कुणाला तरी. रेकॉर्डचं बटण तुमच्या सेटवर आहे ना?

कॅसेटवेडा:
आहे. लाल रंग उडालाय, पण दाबलं जातं. बेल्टचं माप उद्या काढतो.