पैठणी: आधी बैठक बदला की मजुरी?

रेशीमगाठ: परवा येवल्याला मावशीच्या दिरांकडे गेले होते. काकांचा माग ओसरीतच. पदरावरचा मोर चालू होता; प्रत्येक रंगाची तिल्ली, म्हणजे धाग्याची छोटी कांडी, वेगळी; ती तारा मोजून हातानेच ताण्यातून, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतून काढायची. दोन तासांत काम सरकलं जेमतेम बोटभर. बसायला फळी, तीवर घडी घातलेलं पोतं, पाठीला टेकू नाही. उठताना काकांनी मागाच्या खांबाला हात धरला आणि बराच वेळ तसेच वाकून उभे राहिले. वय ४७!
केंद्राच्या हातकरघा संवर्धन सहाय्य योजनेत मागाचा ९० टक्के खर्च सरकार देतं. मग पाठीला टेकू असलेल्या बैठकीची अट त्यातच घाला की. टेकू नाही तर अनुदान नाही.

धोटा: साफ असहमत. मी मागाच्या घरातच वाढलोय. मजुरी साडीवर मिळते, तासावर नाही. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे विणकर उठतच नाही. चांगली बैठक दिलीत तर दहाचे बारा तास बसेल. २०१९-२० च्या हातमाग गणनेत तीनातली दोन विणकर घरं महिना ५००० च्या आत कमावणारी निघाली. त्यांच्यावर आणखी अटी?

बिनधास्त: एवढा त्रास आहे तर यंत्रमागावर विणा ना. गिऱ्हाइकाला फरक कळतो कुठे?

धोटा: उलटी बाजू बघा, दोन्हीकडून सारखी दिसली तर हाताची. तेवढं कळतं गिऱ्हाइकाला. शिवाय १९८५ च्या आरक्षण कायद्याने काही प्रकारच्या साड्या हातमागालाच राखून ठेवल्यात. आणि यंत्रमाग म्हणजे आराम? माझे मामा मालेगावात यंत्रमागावर होते. आता त्यांच्याशी बोलायचं तर कानाशी जाऊन ओरडावं लागतं.

कांडीवाली: दोघेही मागावर बसलेल्याचंच बोलताय. त्याच गणनेत ३५ लाख हातमाग कामगारांपैकी ७२ टक्के बाया आहेत. आई दिवसभर कांड्या भरायची, म्हणजे त्यांवर धागा गुंडाळायची; मनगट सुजलेलं असायचं. हिशेबाच्या वहीत नाव मात्र फक्त बाबांचं. तिला ना मजुरी, ना टेकू.

रेशीमगाठ: हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, खरंच. पण धोटादादा, उद्या मजुरी वाढली म्हणून गेलेली पाठ परत येते का?

धोटा: ताई, काकांनाच विचारा. टेकू हवा की साडीमागे दोन हजार जास्त? जे म्हणतील ते इथे लिहा.

रेशीमगाठ: केला फोन. काका म्हणाले, दोन हजार. मागून काकूंचा आवाज आला, "टेकू मागा हो! रोज रात्री पाठ मला चोळावी लागते."