मॅक्रो, पिवळी पट्टी आणि वर्षअखेर: तुमच्याकडे काय करता?

रात्रपाळी: मार्चअखेरीच्या फायली फिरायला लागल्या की मेलिसा व्हायरस आठवतो. २६ मार्च १९९९. वर्डची फाईल उघडली की आतला मॅक्रो (फायलीत दडलेला छोटा प्रोग्रॅम) आउटलुकच्या यादीतल्या पहिल्या ५० जणांना तीच फाईल धाडायचा. पाठवणारा ओळखीचा, म्हणून लोक बिनधास्त उघडायचे. आता २०२२पासून नेटवरून आलेले मॅक्रो ऑफिस आपणहून अडवतं. लाल पट्टी येते, तिच्यावर 'एनेबल'चं बटणच नसतं. कामाचे मॅक्रो चालवायचे, पण धोका टाळायचा, तर तुमचे उपाय लिहा.

काजूकतली: लोक प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अनब्लॉक'वर टिक मारतात की! 'ही नेटवरून आली' अशी चिठ्ठी फायलीला चिकटलेली असते, ती टिक मारली की जाते. फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर तर चिठ्ठी टिकतच नाही. मग लाल जाऊन जुनी पिवळी पट्टी, आणि तिच्यावर बटण हजर.

बिनसाखर_चहा: रक्कम अक्षरी करणारा मॅक्रो तर लागतोच हो, व्हाउचर कसं काढायचं?

रात्रपाळी: त्याचं .एक्सएलएएम ॲड-इन (एक्सेलला जोडायची मॅक्रोची फाईल) करा. एका फोल्डरात ठेवून तेवढाच ट्रस्टेड लोकेशनमध्ये (ऑफिस ज्या फोल्डरांवर विश्वास ठेवतं त्या यादीत) घाला, सबफोल्डरची टिक काढा. तिथे लिहायची परवानगी एकालाच, बाकीच्यांना फक्त वाचायची. डाउनलोड्स फोल्डर ट्रस्टेड करणाऱ्यांना दंडवत. तिथे पडलेली कुठलीही फाईल न विचारता चालते.

सदूभाऊ: आमच्या शीटला पासवर्ड आहे, चिंता नाही 😎

काजूकतली: सदूभाऊ, तो 'प्रोटेक्ट शीट'चा असेल तर नुसती कडी आहे. एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची फाईल, ही आतून झिपच. आतल्या एक्सएमएलमधून शीटप्रोटेक्शनचा टॅग उडवला की काम झालं. पगारपत्रकाला फाईल > इन्फो > एनक्रिप्ट विथ पासवर्ड. विसरलात तर मायक्रोसॉफ्टही काढून देत नाही.

सदूभाऊ: गेली चिंता परत आली.

ठिपक्यांची_रांगोळी: ऑनलाइन फॉर्ममधून येणाऱ्या सीएसव्हीचंही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाईल) बघा. नावाच्या रकान्यात =, +, - किंवा @ ने सुरू होणारं काही आलं की एक्सेल ते सूत्र समजून चालवतं. डबलक्लिक नको. डेटा मेनूतून आणा, रकाना 'टेक्स्ट' ठेवा. बाकी नंतर, कुकर लागलाय.

बिनसाखर_चहा: अवांतर: जुन्या कृतिदेव फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेणारा मॅक्रो कुणाकडे आहे का? नेटवर सापडलेला घेऊ?

रात्रपाळी: आधी ऑल्ट+एफ११ दाबून कोड वाचा. फॉन्ट बदलणाऱ्याला शेल किंवा क्रिएटऑब्जेक्टचं, म्हणजे दुसरे प्रोग्रॅम चालवणाऱ्या आज्ञांचं, काय काम? आणि गोपनीय पत्रं कुठल्यातरी कन्व्हर्टर साइटवर चिकटवू नका.

सदूभाऊ: कृतिदेव बदलताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास भलत्याच अक्षरावर बसतात. 'कार्यालय' तपासून बघा.