ज्याचं काही लपवायचं नाही, त्याला कॅमेऱ्याची भीती कशाला? सांगली-मिरजेत चेहरा ओळखणारे कॅमेरे हवेत की नकोत

पेठेतला व्यापारी (मूळ पोस्ट)

गणपती पेठेपासून विश्रामबागपर्यंत आणि पुढे मिरजेतसुद्धा प्रत्येक चौकात चेहरा ओळखणारे कॅमेरे बसले पाहिजेत. व्यापारी, मंडळं, सगळ्यांनी एकमुखानं मागणी करा. गंठण ओढलं जातंय, रात्रीत शटर उचकटलं जातंय आणि आपण खासगीपणावर व्याख्यानं ऐकतोय. ज्याचं काही लपवायचं नाही, त्याला भीती कशाची? ज्यांचा विरोध आहे, त्यांचीच आधी चौकशी करा.

आयर्विनकर

ते शेवटचं वाक्य नसतं तर उत्तर लिहायला बसलो नसतो. विरोध केला म्हणून चौकशी, ही भाषा यंत्र यायच्या आधीच सुरू झाली. यंत्र आल्यावर काय होईल?

आता यंत्राचं बोलू. २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. अनोळखी माणूस चेहऱ्यावरून खात्रीनं ओळखायचा, तर आयईसी ६२६७६ या कॅमेऱ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीप्रमाणे एका मीटरला २५० पिक्सेल लागतात. भागाकार केला की साडेसात मीटर रुंदी येते. आपल्याकडे सर्रास लावतात त्या २.८ मिमी भिंगातून एवढी रुंदी जेमतेम ३ मीटर अंतरावर भरते. आणि खांबावरचा कॅमेरा तर २० फूट उंच! त्यातून टोपी, टक्कल आणि गाडीचा रंग कळतो, माणूस कळत नाही. १२ मिमी भिंग लावलं तर १५ मीटरपर्यंत चेहरा मिळेल, पण चौकाचा एकच कोपरा दिसेल. चेहऱ्यासाठी कॅमेरा अडीच-तीन मीटर उंचीवर आणि उतार १५ अंशांच्या आत पाहिजे. एवढ्या खाली लावलेल्या कॅमेऱ्याचं तोंड कुणीही काठीनं फिरवून ठेवतो.

समजा, हेही जमवलं. राजवाडा चौकातून दिवसाला ४०,००० चेहरे जातात असं धरा आणि यंत्र हजारात फक्त एकदा चुकतं असं धरा. रोज ४० खोट्या सूचना, महिन्याला १,२००. पोलिसांच्या यादीतला खरा गुन्हेगार महिन्यातून एकदा तिथून गेला, तर त्या एकासाठी १,२०० सरळ माणसं थांबवायची. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात सांगितलंय की ८० टक्क्यांच्या वर साम्य आलं की ते जुळलं असं धरतात. तुमचं ज्याच्याशी ८१ टक्के साम्य निघेल, तो कोण असेल हे तुमच्या सरळपणावर अवलंबून नाही, व्यापारीसाहेब.

निवृत्त खाकी

भिंगाचं गणित बरोबर आहे. पण तपास चेहऱ्यावर चालत नाही, मागोव्यावर चालतो, हे तुम्हाला ठाऊक असायला पाहिजे.

गुन्हा करताना चोर तोंड झाकतो. म्हणून घटनास्थळापासून पुढे जायचं नाही, मागे यायचं. आधी नेमकी वेळ पक्की करायची, मग अलीकडच्या दुकानाचा कॅमेरा, मग त्याच्या अलीकडचा. हेल्मेटवरचा स्टिकर, फुटलेला इंडिकेटर, बुटाचा पांढरा सोल, एवढं धरून दोन-तीन किलोमीटर मागे गेलं की कुठल्या तरी चहाच्या गाड्यावर नाहीतर पेट्रोल पंपावर त्यानं हेल्मेट काढलेलं असतं. तिथं चेहरा मिळतो. मधला एक कॅमेरा बंद असला की साखळी तुटते आणि दोन दिवस जातात.

सांगलीचा भूगोल बघा. माणूस आयर्विन पुलावरून पश्चिमेला निसटतो, नाहीतर अंकलीवरून जयसिंगपूर, म्हैसाळवरून कागवाड, माधवनगरवरून उत्तरेला, नाहीतर तासगाव रस्ता. कागवाड म्हणजे कर्नाटक, तिथून पुढं दुसऱ्या राज्याच्या पोलिसांची मदत मागत बसायचं. या पाच तोंडांवर गाडीचा नंबर वाचणारे कॅमेरे हवेतच हवेत. घरात बसून स्वातंत्र्यावर लिहिणं सोपं आहे. गळ्यावर वळ घेऊन ठाण्यात आलेल्या बाईसमोर उभं राहून लिहा.

आयर्विनकर

नंबर वाचणाऱ्या कॅमेऱ्याला माझा विरोध नाही, आणि मी तो केलेलाही नाही. फक्त नीट बसवा. रात्री नेहमीच्या सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या शटरवर ताशी ४० किलोमीटरनं जाणारी गाडी चित्र पूर्ण होईस्तोवर ४४ सेंटिमीटर सरकते, पाटीचा पांढरा फराटा उरतो. शटर हजाराव्या भागाचं, सोबत इन्फ्रारेड दिवा, रस्त्याशी कोन ३० अंशांच्या आत आणि पाटी चित्रात किमान शंभरेक पिक्सेल रुंद. एका लेनला एक कॅमेरा. चारी रस्ते एकाच घुमट्या कॅमेऱ्यात बसवले की एकही नंबर मिळत नाही.

ॲड. माधवनगर

खाकीसाहेब, वळ घेऊन आलेल्या बाईला न्याय मिळावा हे आम्हालाही वाटतं. त्याचा मक्ता कुणा एकाकडे नाही.

एकाचा फोन ऐकायचा तर गृहसचिवाचा लेखी आदेश लागतो आणि तो पुनर्विलोकन समितीपुढे ठेवावा लागतो. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात १९९६ च्या निकालानं ती शिस्त लावली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाचेच्या एका प्रकरणातले फोन ऐकण्याचे आदेश रद्द केले, कारण सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न दाखवताच आला नाही. आता एका फोनला एवढं, आणि चौकातून जाणाऱ्या ४०,००० चेहऱ्यांचं मोजमाप घ्यायला? स्वतंत्र कायदा नाही, आदेश नाही, समिती नाही. खासगीपणाच्या हक्कावरच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानं सांगितलं की कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या मापाचा हवा. इथं पहिल्याच पायरीवर अडतंय. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याकडे बोट दाखवू नका. त्याच्या कलम १७ मध्ये गुन्ह्याच्या तपासाला सूट आहे आणि केंद्रानं अधिसूचित केलेल्या सरकारी यंत्रणांना तर कायद्यातूनच मोकळीक आहे.

आणि कॅमेऱ्यावर एवढाच विश्वास असेल तर ठाण्यात लावा. २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं: प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीत, मार्गिकेत, प्रवेशद्वारावर कॅमेरे, आवाजासह, अंधारात दिसणारे, साठवण १८ महिने, अगदीच जमलं नाही तर किमान १ वर्ष. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला बंद कॅमेऱ्यांची दखल स्वतःहून घ्यावी लागली. नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्याच शहरात पोलीस कोठडीत अनिकेत कोथळेचं काय झालं आणि आंबोलीत त्याचा मृतदेह कसा जाळला गेला, हे सांगलीकरांना सांगायला नको.

निवृत्त खाकी

आलं २०१७. प्रत्येक चर्चेत तेच. त्या प्रकरणात गुन्हा पोलिसांवरच दाखल झाला आणि तो पोलिसांनीच दाखल केला, हेही लिहा. काही जणांच्या कृत्यासाठी रात्रपाळी करणाऱ्या सगळ्या शिपायांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका.

ॲड. माधवनगर

शिपायाला वाचवणारी वस्तूही ठाण्यातला चालू कॅमेराच आहे. खोटा आरोप झाला तर त्याच्याकडे दुसरं काय असतं?

कुपवाडचा

तुमचं कायदं राहू द्या ओ जरा. डीव्हीआरचं, त्या चित्रण साठवणाऱ्या खोक्याचं बोला. कुठं चोरी झाली की शेजारच्या दुकानाचा डीव्हीआर खोक्यासकट उचलून न्हेत्यात. पावती न्हाई, पंचनाम्याची प्रत न्हाई. चार-चार महिनं खोकं मिळंना. तवर दुकान आंधळं. त्यात पुन्हा चोरी झाली तर म्हणत्यात तुमचा कॅमेरा का बंद हुता! म्हणून निम्म्या लोकांनी ‘बंद हाय’ असं सांगायला सुरुवात केलीया. खाकीसाहेब म्हणत्यात साखळी तुटतीया. साखळी तुम्हीच तोडलीया.

पेठेतला व्यापारी

कुपवाडकरांशी शंभर टक्के सहमत. हा सराफ कट्ट्यापासून सगळ्यांचा प्रश्न आहे.

निवृत्त खाकी

उचलायची हौस नसते कुणाला. ४ टेराबाइटची डिस्क, १६ कॅमेरे, प्रत्येकाला २ एमबीपीएस. एका कॅमेऱ्याला दिवसाला २१.६ जीबी, सोळांना ३४५. म्हणजे साडेअकरा दिवसांत जुनं पुसून नवं चढतं. मालक सांगतो तीस दिवसांचं आहे, उघडून बघावं तर अकरा दिवसांचं. त्यात पासवर्ड बसवणाऱ्याकडे, आणि बसवणारा गावाला गेलेला. आरोपी मालकाच्या ओळखीतला निघाला तर फुटेज उडण्याची भीती वेगळीच. मग तपास अधिकाऱ्यानं काय करावं?

आयर्विनकर

डिस्क काढावी, खोकं राहू द्यावं. मालकानं तेवढ्याच क्षमतेची नवी डिस्क घालावी, जुनी पंचांसमोर सीलबंद करावी, तिचा अनुक्रमांक पंचनाम्यात लिहावा. एक अडचण आहे, सांगून ठेवतो: नुसती डिस्क संगणकाला जोडली तर बहुतेक वेळा वाचता येत नाही, त्याच कंपनीचा रेकॉर्डर लागतो. म्हणून त्याचं मॉडेलही लिहा.

घाई नसेल तर याहून सोपं आहे. आधी रेकॉर्डरच्या पडद्यावरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ शेजारी ठेवून फोटो काढायचा. हे नव्वद टक्के लोक विसरतात असं मी म्हणणार नाही, पण जिथं विसरलं जातं तिथं खटला लंगडतो. रेकॉर्डरमधली नाण्याएवढी बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख थेट २००० वर जाते, किंवा घड्याळ रोज थोडं मागं पडत सतरा मिनिटं चुकतं. बचावाचा वकील तेवढंच धरतो. नंतर मूळ फॉरमॅटमध्ये निर्यात करायची, सोबत त्याचा प्लेअर, दोन प्रती, प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे तिचा अंकी ठसा, तिथंच काढून कागदावर. मॉनिटरसमोर मोबाइल धरून केलेलं चित्रीकरण कृपा करून पुरावा म्हणून देऊ नका.

ॲड. माधवनगर

आणि कुपवाडकर, तुमच्यासाठी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी मागणी घ्या, तोंडी नको. जप्ती करणारच असतील तर कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण आणि वस्तूंची यादी झालीच पाहिजे. यादीवर सही करण्याआधी अनुक्रमांक ताडून बघा. खोकं अडकलं तर कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे परत मिळण्याचा अर्ज. मुद्देमाल ठाण्यात सडवू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितलंय.

साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र आता दोन भागांत असतं. भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि दोन्हीत हॅश. प्रमाणपत्राशिवाय प्रत चालत नाही हे खोतकर विरुद्ध गोरंट्याल निकालानं २०२० मध्येच पक्कं केलं. तुम्ही दिलेलं फुटेज कोर्टात बाद होऊ नये असं वाटत असेल तर भाग अ वर सही करायला लाजू नका, पण वाचून करा.

कुपवाडचा

हे ठाण्याच्या भिंतीवर लावा ओ कुणीतरी. भाग अ म्हंजे आम्ही, हे आज कळलं.

निवृत्त खाकी

लेखी मागणी आणि पावती, दोन्ही मान्य. न देणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण ठाण्याला डिस्क आणि पेनड्राइव्ह विकत घ्यायला पैसे कोण देतं, तेही विचारा. अंमलदाराच्या खिशातून जातात.

हरिपूरची लेक

चाळीस प्रतिक्रिया होतील, पण पडद्यासमोर कोण बसतंय हे कुणी विचारलेलं नाही. फिरणारा, झूम होणारा कॅमेरा माणसाच्या हातात आहे. कॉलेज सुटायच्या वेळेला तो कुणाकडे वळतो? चौकातल्या कॅमेऱ्याची चित्रफीत दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, त्यात मुलीचा चेहरा दिसतो, गाडीचा नंबर दिसतो. ती कंट्रोल रूममधून बाहेर पडल्याशिवाय फिरते का? बाईची सुरक्षा म्हणून मागायचं आणि बाईलाच तमाशा करायचं, हे आम्हाला नको.

उपाय अवघड नाही. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन, सगळ्यांना मिळून एक ‘अॅडमिन’ नाही. कुणी कधी काय बघितलं, काय उतरवून घेतलं, कॅमेरा हातानं कुठं वळवला, याची नोंद आपोआप राहते; ती पुसण्याचा अधिकार त्या खोलीतल्या कुणालाच नको. उतरवलेल्या चित्रावर बघणाऱ्याचं नाव पाणखुणेसारखं (वॉटरमार्क) उमटतं, ती सोय चालू ठेवा. कंट्रोल रूममध्ये मोबाइल नेऊ देऊ नका. आणि गुन्हा क्रमांक लिहिल्याशिवाय जुनं चित्रण उघडूच नये.

पेठेतला व्यापारी

ताई, हे मला सुचलं नव्हतं. नोंद पाहिजे, मान्य. ‘आधी चौकशी करा’ हे वाक्य रागात लिहिलं, तेही मागे घेतो. पण चेहरा ओळखण्याची मागणी मागे घेत नाही. सराईत गुन्हेगार बसस्थानकावर उतरल्याबरोबर कळावा, यात मला गैर दिसत नाही.

ॲड. माधवनगर

त्या यादीत कोण जाणार, कोण काढणार? २०२२ च्या ओळख कायद्यानं अटक झालेल्यांची मोजमापं ७५ वर्षं ठेवता येतात. म्हणजे मोर्चात अटक झालेला विशीतला पोरगा पंच्याण्णवी गाठेपर्यंत. निर्दोष सुटल्यावर किंवा सोडून दिल्यावर पुसण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती पुसली का हे कोण तपासणार?

आणि साताऱ्याच्या डॉ. दाभोलकरांचं आठवा. २० ऑगस्ट २०१३ ला भर सकाळी, पुण्यासारख्या शहरात, पुलावर खून झाला. कडी सापडली २०१८ मध्ये, नालासोपाऱ्यातल्या शस्त्रसाठ्याच्या तपासातून. मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. ती कडी माणसांनी जोडली.

निवृत्त खाकी

दाभोलकरांचं उदाहरण माझ्या बाजूचंही आहे. त्या पुलावर चांगला कॅमेरा असता तर पाच वर्षं गेली नसती. पण तुम्हाला पटणार नाही.

हरिपूरच्या ताईंचं मात्र खरं आहे. लॉगिन वाटून वापरतात, कारण बदलीवर आलेल्याला नवं लॉगिन मिळायला वेळ लागतो. ते बंद झालं पाहिजे. गुन्हा क्रमांकाची अट तशीच्या तशी चालणार नाही. हरवलेलं मूल शोधताना पहिल्या तासात गुन्हा क्रमांक नसतो. तिथं ठाणे डायरीचा नोंद क्रमांक घ्या.

हरिपूरची लेक

डायरीचा क्रमांक चालेल. पण चोवीस तासांत वरिष्ठांची सही.

कुपवाडचा

मिरजेच्या कमानीचं कुणी बोलंना. गणपतीत स्वागत कमान हुबी राहिली की मागचा कॅमेरा दहा दिवस फ्लेक्सकडंच बघत बसतोय. २००९ साली कमानीवरनंच दंगल पेटली हुती, आणि नेमक्या त्याच दिवसांत कॅमेरा झाकल्याला.

आयर्विनकर

कमानीच्या परवानगीच्या अर्जाबरोबर जवळच्या खांबाचा क्रमांक आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा फोटो घ्यावा. कमान उभारल्यावर पुन्हा तोच फोटो. दोन्हीत रस्ता दिसला तरच परवानगी. झाकला गेला तर कमान सहा फूट मागे घ्या, किंवा तेवढ्या दिवसांसाठी कमानीच्याच खांबावर दुसरा कॅमेरा बसवा. केबल आणि वीज गणेश मंडळाकडे असतेच. आणि कॅमेऱ्याची काच पुसून घ्या. रात्रीच्या दिव्याभोवती किडे येतात, त्यामागं कोळी येतो, आणि जाळ्यावर उजेड पडला की सगळं चित्र पांढरं होतं.

निवृत्त खाकी

हे मी मंडळांच्या बैठकीत मांडायला सांगतो. खांबांची यादी तुम्ही करा.

कुपवाडचा

मिरजेची मी करतो. सांगलीतली कोण घेतंय?